बारा पांढरे शर्ट आणि केळीचा चीक

वाघ मी काढणार नाही, हे मी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं. बैठक धुळ्याला होती, संघाच्या मालकांच्या पेढीवर. मालक साठीतले, हळू आवाजात बोलणारे व्यापारी. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले, आता घरात अहिराणी चालते. त्यांनी माझ्यापुढे चहा सरकवला आणि म्हणाले, "ताई, वाघ ठेवायचाच आहे. फक्त जरा जास्त रागीट करा." मी म्हटलं, "भाऊ, रागीट मी आहे तेवढी पुरे. वाघ दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या."

आमच्या खानदेशाला एक व्यावसायिक बास्केटबॉल संघ आहे, हे खुद्द खानदेशातच पुष्कळांना ठाऊक नाही. पगारी खेळाडू, पगारी प्रशिक्षक, राज्यातल्या इतर शहरांशी सामने. घरचे सामने अर्धे जळगावला, अर्धे धुळ्याला. पहिल्या हंगामात पोरं नारिंगी शर्ट घालून खेळली. छातीवर जबडा उघडलेला वाघ आणि वाघाच्या कानांतून ज्वाळा. तोच वाघ मी जळगावात एका जिमच्या पाटीवर पाहिला होता आणि एका लक्झरी बसच्या मागेही. कुणीतरी फुकटात उतरवून घेतलेला. त्या हंगामात आम्ही जवळजवळ सगळे सामने हरलो. बाहेरगावी गेलं की प्रेक्षकांतून ओरडा व्हायचा, "केळीवाले आले, केळीवाले आले!" एका शहरात तर मैदानावर सालं फेकली. छातीवर वाघ आणि पायाखाली केळीचं साल, अशी आमची शोभा झाली होती.

माझं जळगावात खेळाच्या कपड्यांचं दुकान आहे. शाळांच्या शर्टांवर नंबर छापण्यापासून सुरुवात केली, आता चिन्हं, गणवेश, सगळं करते. हे काम माझ्याकडे आलं ते माझं कौतुक होतं म्हणून नाही. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीने दोन महिने फोन उचलला नाही, म्हणून आलं. हे मला माहीत होतं आणि त्याचा रागही होता. पण काम हातात आलं म्हटल्यावर ते मी माझ्याच पद्धतीने करणार होते.

वाघ नाही तर काय, असा प्रश्न निघाला. संघाचे व्यवस्थापक म्हणाले, सरळ केळीचा घड काढा, चिडवतात तर चिडवू द्या. त्यावर धुळ्याचे दोघेतिघे उसळले. केळी जळगावची, मग आम्ही काय नुसतं बघत बसायचं? एकाने धुळ्यासाठी दुधाची बरणी सुचवली. अर्धा तास घड आणि बरणी यांच्यात झकाझकी चालली. मी पिशवीतून माझा कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

कागदावर एक चुंबळ होती. डोक्यावर ओझं घेण्याआधी बायामाणसं फडकं पिळून, गोल वळून डोक्यावर ठेवतात, ती चुंबळ. वरून पाहिलेली. जाड रेषेत वळलेलं कापड, मधे पोकळ वर्तुळ. मालक म्हणाले, "हे काय, जिलबी?" सगळे हसले. आमचा कप्तान मात्र हसला नाही. पिंपळनेरच्या पलीकडच्या पाड्यातला पोरगा, साडेसहा फूट उंच, बैठकीत एरवी तोंड उघडत नाही. तो वाकून कागदाकडे बघत होता. "हाई ते चुंबळ शे," तो म्हणाला. "मनी माय रोज डोकावर ठेवे. लाकडं आणाले जाये तवय." मग त्याने बोट त्या मधल्या पोकळीवर ठेवलं आणि मान वर करून मालकांकडे पाहिलं. "भाऊ, हाई रिंग बी शे."

मला वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही. केळी जळगावची असतील, दूध धुळ्याचं असेल, पण चुंबळ दोन्हीकडे होती. त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाच्या घरात कुणी ना कुणी ती डोक्यावर घेतलेली होती, मालकांच्या घरातसुद्धा. ते म्हणाले, "चिन्ह ठीक आहे. आता शर्ट दाखवा."

शर्ट दाखवला तेव्हा मात्र खरं भांडण पेटलं. शर्ट पांढरा होता. आणि त्या पांढऱ्यावर उजव्या खांद्यापासून छातीवर उतरत गेलेला तपकिरी, काळपट डाग होता. केळीच्या चिकाचा डाग. मी तो मुद्दाम काढला होता. बाराच्या बारा शर्टांसाठी, प्रत्येकाला वेगळा.

"ताई, डाग?" मालक म्हणाले. "पैसे देऊन डाग कोण घालणार?"

"ज्यांच्या अंगावर फुकटात पडलाय, ते घालतील," मी म्हटलं.

हे मी बोलून गेले ते नुसतं तोंडाळपणाने नाही. रावेरजवळच्या गावात माझे वडील, आबा, केळी वाहायचे. म्हणजे बागेत घड कापला जातो, तो डोक्यावर घेऊन बांधावरून ट्रॅक्टरपर्यंत आणायचा, दिवसभर. कापलेल्या दांड्यातून चीक गळत असतो. ताजा असताना तो पाण्यासारखा असतो, दिसतही नाही. उन्हात पिवळट होतो, मग तांबूस. एकदा साबण लागला की काळा पडतो आणि मग कपडा फाटेपर्यंत तो तिथेच राहतो. आमच्याकडे माणूस कोणत्या कामाला जातो ते विचारावं लागत नाही, सदऱ्याकडे पाहिलं की कळतं. आमच्या घरात भिंतीला दोन खिळे होते. एकावर आबांचा बागेचा सदरा, दुसऱ्यावर गावात जायचा सदरा. बागेचा सदरा घालून ते कधी रावेरच्या बाजारात गेले नाहीत. एसटी चुकली तरी चालेल, पण घरी येऊन सदरा बदलायचा.

मी सातवीत असताना सुट्टीच्या दिवशी बागेत गेले आणि हौसेने एक छोटा घड डोक्यावर घेतला. अंगात शाळेचा पांढरा ब्लाउज होता. आईने पाहिलं आणि कपाळाला हात लावला. तिने त्या डागाला रॉकेल लावलं, लिंबू चोळलं, पुन्हा रॉकेल लावलं. आमच्याकडे चिकावर हाच उपाय, सगळ्या घरांत, अजूनही. डाग जरा फिका झाला, निघाला नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत झेंडावंदन होतं. मी पहिल्या रांगेत होते, कारण मी कवायतीत चांगली होते. गुरुजींनी माझ्या खांद्याकडे बघितलं आणि मला मागच्या रांगेत पाठवलं. मागच्या रांगेतल्या पोरींनी नाक धरलं, कारण ब्लाउजला रॉकेलचा वास येत होता. मग मला आणखी मागे पाठवलं, भिंतीपाशी. डाग ठेवला तरी मागे आणि काढायला गेलं तरी मागे. त्या भिंतीला टेकून मी पूर्ण झेंडावंदन पाहिलं. मला इतका राग आला होता की रडूसुद्धा आलं नाही. तो राग मी अजून जपून ठेवलाय, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

त्या दिवसानंतर आबांनी मला बागेत पाऊल टाकू दिलं नाही. "माह्या पोरीच्या कपड्यावर डाग नको," एवढंच म्हणायचे. मी शिकले, जळगावला आले, दुकान टाकलं. आई गेल्यावर आबांना माझ्याकडे आणलं. आता त्यांचे सगळे सदरे पांढरे, कडक इस्त्रीचे. भाजी आणायला जातानाही ते गावात जायच्या तयारीनेच निघतात.

मालकांनी शेवटी होकार दिला, तोही कप्तानामुळे. तो म्हणाला, सालं आमच्यावर पडली, वाघावर नाही पडली, मग आम्हाला काय घालायचं ते आम्हाला ठरवू द्या. मालक माझ्याकडे वळले. "एक सामना," ते म्हणाले. "जळगावातला पहिला. लोक हसले तर वाघ परत."

मी जळगावला आले ती हवेत तरंगतच. नमुन्याचा शर्ट जेवणाच्या टेबलावर पसरला आणि आबांना हाक मारली. वाटलं होतं, म्हातारा खूश होईल. आबांनी चष्मा लावला, शर्टाकडे पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला.

"हे काय छापलं?"

"चीक, आबा. तुमच्या सदऱ्यावर असायचा तसा."

"जे आम्ही जल्मभर लपवलं, ते तू पोराइच्या आंगावर छापू राहिली?" त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच मला जास्त लागलं. "मी कायले सदरा बदलू बदलू गावात जायचो? तुले कोनी मांगं उभं करू नये म्हनून. अन् तू आता सगळ्याइले बोलावून दाखवू राहिली."

मीही कमी नव्हते. मी म्हटलं, सदरा बदलूनही मला मागेच उभं केलं, आबा. लपवून काय मिळालं? तुमच्या डोक्यावरून गेलेली केळी सगळ्या देशाने खाल्ली, आणि लाज मात्र तुम्ही धरायची? हा कुठला न्याय? मी ओरडत होते. साठ-सत्तर शाळांचे गणवेश केले मी, एकाही शर्टावर मला जे म्हणायचं ते म्हणता आलं नव्हतं, आणि हा एक करायला मिळाला तर पहिला विरोध माझ्याच घरातून.

आबा उठले. दारापर्यंत गेले आणि तिथून परत आले. त्यांना राहवलं नाही. "अन् चीक असा पडत नई," ते म्हणाले. "दांडा मांगं राहतो. चीक पाठीवर जातो. तू तं छातीवर काढला. छातीवर तं चहा सांडतो." आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. त्यानंतर पंधरा दिवस आमच्यात अबोला होता. ताट वाढलं की जेवायचे, माझ्याकडे बघायचे नाहीत.

मी डाग पाठीवर नेले नाहीत. चुकलं होतं हे कळत होतं, पण त्यांच्यासमोर हार मानायची माझी तयारी नव्हती. आमच्या घरातला हा गुण दोघांनाही सारखाच आला आहे. शर्ट छापून झाले, बारा. दुकानातच छपाईची जाळीदार स्क्रीन लावून छापले, एकेक करून, नंबर, चुंबळ आणि डाग. रविवारी सामना होता. गुरुवारी संध्याकाळी शर्ट संघाच्या मुक्कामाच्या जागी पोचवले, एकदा धुऊन मऊ करून ठेवा असा निरोप देऊन.

शुक्रवारी सकाळी व्यवस्थापकांचा फोन आला. "ताई, ताबडतोब या." त्यांचा आवाज ऐकून मला वाटलं कुणाला तरी लागलं. गेले, तर मागच्या अंगणातल्या दोरीवर बारा शर्ट वाळत होते आणि अंगणभर रॉकेलचा वास पसरला होता.

संघाचे कपडे धुणारी बाई दोरीखाली उभी होती. तिशीतली, माहेर चोपड्याकडचं, लहानपण केळीच्या बागेत गेलेलं. तिच्या तोंडावर अभिमान मावत नव्हता. "अक्का, बठ्ठा डाग काढी टाकात मी," ती म्हणाली. "नवा कोरा कपडा, अन् कोन्ही तरी चीक पाडी ठेयेल. आते रॉकेल कोठे भेटस? मन्हाजोडे एक बाटली व्हती जपीसन ठेयेल, ती बठ्ठी ओती दिधी."

शर्टांवर डाग नव्हते. नंबरही नव्हते आणि चुंबळही नव्हती. रॉकेलने छापलेला रंग मऊ पडला होता आणि तिच्या ब्रशाने तो चारी बाजूंना पसरला होता. बारा शर्टांचा रंग पातळ चहासारखा झाला होता. व्यवस्थापकांनी डोक्याला हात लावला होता. मी तोंड उघडलं, आणि मला आईचे हात आठवले. तेच रॉकेल, तेच चोळणं. या बाईला कुणी सांगितलं नव्हतं, तरी तिने आपली शेवटची बाटली माझ्या शर्टांवर रिकामी केली होती. पोरांनी डाग घेऊन लोकांसमोर जाऊ नये म्हणून.

मी नुसतं म्हटलं, "ताई, तो डाग छापलेला होता."

तिने दोरीवरच्या शर्टांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तिचं तोंड उतरलं. पण ती खरं बोलणारी बाई होती. "तरीच," ती हळूच म्हणाली. "मी म्हनी राहिंथू, इतला लवकर कसा निंघना? चीक असा निंघत नई, अक्का. हाऊ चीक नई व्हता."

फोनवर मालक चिडले नाहीत, आणि ते जास्त वाईट होतं. अगदी शांतपणे म्हणाले, "ताई, वाघाचे शर्ट पेटीत आहेत. रविवारी तेच घालू. तुमची चूक नाही. देवाचीच इच्छा नव्हती." मी म्हटलं, "भाऊ, देवाला मधे आणू नका. रविवारी बारा वाजेपर्यंत मला वेळ द्या. बारा सारखे शर्ट अंगावर दिसले नाहीत, तर वाघ तुमच्या हाताने घाला." त्यांनी फोन ठेवला. मी त्याला होकार समजले.

कापड बाहेरून मागवलेलं होतं, पुन्हा शिवायला वेळ नव्हता. पण सरावाचे पांढरे सुती शर्ट नवेकोरे पडून होते, आणि नंबर, चुंबळ मी दुपारपर्यंत छापू शकत होते. छापलेही. शेवटी डागाची पहिली स्क्रीन उचलली आणि हात थांबला. त्या बाईचं वाक्य डोक्यातून जाईना. दोन जणांनी मला सांगितलं होतं की हा चीक नाही. एकाने पाहून सांगितलं, दुसरीने धुऊन. मी इतकी आगपाखड केली, आणि मिरवायला निघाले होते तो डाग मीच कागदावर बसून बनवलेला, स्वच्छ खोलीत, पंख्याखाली. मला स्वतःचाच राग आला. स्क्रीन मी खाली ठेवली. मग घरी गेले आणि पंधरा दिवसांनी पहिल्यांदा आबांशी बोलले.

"आबा, उद्या कुठे कापणी आहे?"

त्यांनी पेपरमधून मान वर केली नाही. मी सगळं सांगितलं. रॉकेल, ती बाई, ती काय म्हणाली ते, आणि शेवटी हेही की छातीवर काढला ती चूक होती, तुमचं बरोबर होतं. हे शेवटचं वाक्य उच्चारायला मला किती जड गेलं ते मलाच माहीत. "उद्या पोरांना बागेत नेणार आहे," मी म्हटलं. "तुम्ही या किंवा नका येऊ. पण कुणी दाखवलं नाही तर ती पोरं घड आपटतील, आणि मग बागवाला मला झोडपेल."

आबांनी पेपरचं पान उलटलं. शनिवारी सकाळी सहाला संघाची बस दारात आली. मी बाहेर आले, तर आबा आधीच पायरीवर बसले होते, अंगात बागेचा सदरा घालून. मला वाटत होतं तो केव्हाच फेकला गेला. तो त्यांनी ट्रंकेत तळाशी ठेवला होता, वर्षानुवर्षं, माझ्या घरात, मला न सांगता. उजवा खांदा आणि अर्धी पाठ काळी, आणि छाती स्वच्छ. मी काही बोलले नाही. बोलले असते तर ते परत आत गेले असते.

रावेरच्या अलीकडे ओळखीच्या एका बागेत कापणी चालू होती. ट्रॅक्टर उभा होता, त्यामागे ट्रक. बारा उंच पोरं नव्या पांढऱ्या शर्टांत बांधावर उभी राहिली, आणि कापणारे मजूर कोयता थांबवून बघायला लागले. बागवाल्याला मी आदल्या दिवशी फोन केला होता, तरी त्याचा विश्वास बसत नव्हता. "एक घड फुटला तं व्यापारी घेत नई," तो ओरडत होता. "आंगातली मस्ती मैदानावर दाखवा."

मग आबा पुढे झाले. त्यांनी गमछा पिळला, वळला आणि कप्तानाला म्हणाले, "वाक." कप्तान वाकला, तरी हात पोचेना. मग तो गुडघ्यावर बसला आणि आबांनी त्याच्या डोक्यावर चुंबळ ठेवली. "घड म्हनजे लेकरू," ते म्हणाले. "आपटायचा नई, लटकवायचा नई. दांडा मांगं. मान सरळ. पाहायचं खाली नई, समोर." एकेकाच्या डोक्यावर त्यांनी स्वतः चुंबळ ठेवली, घड चढवून दिला आणि जवळून चालत त्याला ट्रॅक्टरपर्यंत नेलं. प्रत्येकाने दोन फेऱ्या केल्या. दोघांनी दांडा पुढे केला, त्यांना आबांनी परत फिरवलं. "तुम्ही चहा प्यायला आले का?" असं म्हणाले, आणि माझ्याकडे बघितलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

शर्टांवर काहीच दिसत नव्हतं, नुसता ओलावा. व्यवस्थापक घाबरले. "ताई, डाग कुठेय?" आबाच म्हणाले, "थांबा. तो काय पळून जात नई."

रविवारी दुपारपर्यंत डाग तांबूस झाले होते. बारा पाठी, बारा वेगळे डाग, सगळे उजव्या खांद्यावरून खाली उतरलेले. पंचांनी सामन्याआधी हरकत घेतली, गणवेश मळलेला आहे म्हणून. प्रशिक्षकांनी नियमांची पुस्तिका पुढे केली. नियमात रंग होता, नंबरचा आकार होता, चिकाबद्दल काही नव्हतं. पंच हसले आणि बाजूला झाले. पोरं मैदानावर आली, तशा सगळ्यांच्या माना त्यांच्या पाठींकडे वळल्या. मग वरच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अरे, हा तं चीक हाय!" आणि मग जे झालं ते मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. बाहेरच्या संघाच्या थोड्या लोकांनी "केळीवाले" म्हणायला सुरुवात केली, आणि आमची माणसं उठून उभी राहिली आणि तेच ओरडायला लागली, त्यांच्यापेक्षा दहापट मोठ्याने. घामाने डाग आणखी गडद होत गेले. मालक माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी एकदाही वाघाचं नाव काढलं नाही.

आम्ही हरलो. तीन गुणांनी हरलो. म्हणून काय झालं? पुढच्या आठवड्यात धुळ्याला तेच शर्ट घालून खेळलो. आता ते धुतलेले होते, म्हणजे काळे झालेले आणि कायमचे. धुणाऱ्या बाईने या वेळी त्यांना रॉकेल लावलं नाही. तिने मला मुद्दाम एक शर्ट दाखवला आणि म्हणाली, "आते बरोबर शे, अक्का."

पण मला सांगायचंय ते जळगावच्या सामन्याचं. सामना संपल्यावर मी आबांना शोधत होते. त्यांना मी प्रेक्षकांच्या दारातून येण्याचा पास दिला होता आणि वर खुर्ची राखली होती. खुर्ची रिकामी होती. मला वाटलं, आलेच नाहीत. मग पाहिलं तर ते खाली, खेळाडूंच्या बाकाच्या टोकाला बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून. अंगात कडक इस्त्रीचा सदरा नव्हता, बागेचा होता. तोच घालून ते रिक्षाने सगळं जळगाव ओलांडून आले होते.

त्यांना तिथे कुणी सोडलं, ते दारावरच्या रखवालदाराने मला नंतर सांगितलं. हा म्हातारा चुकून खेळाडूंच्या दारापाशी आला. रखवालदार त्याला हटकणार होता, तेवढ्यात त्याचं लक्ष पाठीकडे गेलं. त्याने विचारलं, "आबा, तुम्ही टीमचे का?"

"मी तं टीमच्या आंधीचा," आबा म्हणाले. आणि रखवालदाराने दार उघडलं.